मुलाच्या मापाचे औषध

आपत्तीत मुले अधिक संख्येने मरतात हे विधान ऐकताक्षणी पटते, आणि बहुधा म्हणूनच ती नेमकी केव्हा, कशाने आणि किती मरतात हे मोजून पाहण्याचे काम फार काळ मागे पडले. त्या मोजणीचा एक ठळक आरंभ बंगालच्या उपसागराच्या काठी सापडतो. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, भोला बेटाच्या परिसरात चक्रीवादळ धडकले आणि त्याच्यासोबत चढून आलेल्या समुद्राने नदीच्या गाळातून तयार झालेल्या सखल बेटांवरची वस्ती धुऊन नेली. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतील आल्फ्रेड सॉमर आणि वाइली मोस्ली या दोन डॉक्टरांनी त्यानंतरच्या काही महिन्यांत घरोघर पाहणी करवून घेतली. १९७२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार मृतांचा आकडा किमान २ लाख २४ हजार होता. दहा वर्षांखालील मुले लोकसंख्येच्या एक तृतीयांश होती, मृतांमध्ये मात्र ती निम्मी होती.

या पाहणीत एक बारीकशी नोंद आहे, जी आकड्यांपेक्षा अधिक बोलते. वाचलेल्या अनेकांच्या छातीवर, दंडांच्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला कातडी सोलवटून निघाली होती. ही माणसे रात्रभर झाडाच्या बुंध्याला मिठी मारून पाण्याच्या ओढीला टक्कर देत राहिली होती आणि त्या खरखरीत सालीने त्यांच्या अंगावर ही खूण उमटवली होती. डॉक्टरांनी तिला चक्रीवादळाचा लक्षणसमूह असेच नाव दिले. पाच वर्षांच्या मुलाचे हात त्या बुंध्याला पुरत नाहीत, पुरले तरी तासन्‌तास टिकत नाहीत, आणि आईच्या कडेवर असलेले मूल तिचा एक हात अडवून ठेवते, त्यामुळे बायकांचे मृत्यूही पुरुषांपेक्षा अधिक होते. त्याच अहवालाचा दुसरा निष्कर्ष मदतकार्याला निघालेल्यांना फारसा रुचण्याजोगा नव्हता: जे वाचले त्यांच्यात गंभीर जखमी फार थोडे होते, कारण जे कमकुवत किंवा जखमी होते ते पाण्यातच गेले होते, आणि उरलेल्यांना शल्यचिकित्सकांच्या तुकड्यांपेक्षा धान्य, छप्पर आणि पुढच्या हंगामासाठी बैल हवे होते.

भूकंपाचे गणित वेगळे आहे. पाणी माणसाला एक तर नेते किंवा सोडते. कोसळणारे घर मात्र प्रत्येक मृतामागे कितीतरी जखमी मागे ठेवते, आणि त्यांत मुले किती हे पुष्कळदा घड्याळ ठरवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्री उशिरा झोपलेली किल्लारी आणि भोवतालची गावे हादरली, तेव्हा दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदाची कित्येक टन माती झोपलेल्या आख्ख्या कुटुंबांवर एकत्रच आली. ८ ऑक्टोबर २००५ रोजी पाकव्याप्त काश्मीर आणि पाकिस्तानच्या वायव्य भागात भूकंप झाला तो शनिवारी सकाळी ८ वाजून ५० मिनिटांनी. तिकडे शनिवारी शाळा भरत असल्याने सुमारे १७ हजार मुले वर्गांतच गेली असा अंदाज आहे. याउलट २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंपही शनिवारीच झाला, पण नेपाळात शनिवार हा सुटीचा वार असल्याने हजारो शाळा पडूनही त्या रिकाम्या होत्या. बालमृत्यूच्या आकड्यांतला एवढा मोठा फरक वैद्यकाने नव्हे, पंचांगाने आणि वेळापत्रकाने पाडला, ही गोष्ट वैद्यकीय मदतीच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही.

ढिगाऱ्यातून जिवंत निघालेले मूल म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ नव्हे, हे बालरोगशास्त्राचे पहिले सूत्र आपत्तीत सर्वांत आधी विसरले जाते. मुलाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे दहा किलोच्या, वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८०० मिलिलिटर, पाण्याच्या नेहमीच्या एका बाटलीपेक्षाही कमी. मांडीचे हाड मोडून त्यातले एक पेलाभर रक्त आतल्या आत साचले तरी एकूण रक्ताचा चौथा हिस्सा गेलेला असतो. त्यातही फसवणूक अशी की मुलांच्या रक्तवाहिन्या जोराने आकसतात आणि रक्त बरेच घटेपर्यंत रक्तदाब जवळपास नेहमीसारखा दाखवत राहतात; तो उतरतो तेव्हा एकदम कोसळतो. म्हणून अनुभवी परिचारिका रक्तदाबाच्या यंत्राची वाट पाहत नाही. ती मुलाचे नख किंवा कपाळ बोटाने दाबते, दाबलेली जागा पांढरी पडली की बोट उचलते आणि लाली परत यायला किती वेळ लागतो हे मनातल्या मनात मोजते. दोन सेकंदांत लाली आली तर ठीक; तीन सेकंद उलटले, हातपाय गार असले आणि नाडी धावत असली, तर आकडा काहीही असो, मूल संकटात आहे.

वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने ते लवकर गारठते, आणि डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने डोक्याला मार बसण्याचा संभव अधिक असतो. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन नावाचे प्रथिन साठत जाते, आणि वरचा दगड उचलताक्षणी ते रक्तात मिसळून हृदय थांबवू शकते किंवा मूत्रपिंडे बंद पाडू शकते; यालाच चिरडण्याचा लक्षणसमूह म्हणतात, आणि त्यावरचा उपाय म्हणजे मूल अजून अडकलेले असतानाच शिरेतून सलाइन सुरू करणे. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपात मूत्रपिंडे निकामी झालेल्यांची संख्या पाहूनच पुढे जगभरच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी आपत्तीत डायलिसिसची सोय घेऊन जाणारे पथक उभारले.

औषधाचा डोस हा त्याहून रोजचा प्रश्न. मुलांना प्रत्येक औषध वजनाप्रमाणे द्यावे लागते, आणि तंबूत तराजू नसतो, असला तरी पाय मोडलेल्या मुलाला त्यावर उभे करता येत नाही. जेम्स ब्रोझलो या अमेरिकन डॉक्टरने १९८० च्या दशकात यावर एक साधा तोडगा काढला: मुलाला आडवे झोपवून शेजारी रंगीत पट्टे आखलेली फीत पसरायची, टाच ज्या रंगावर येईल त्या रंगात वजनाचा अंदाज आणि औषधांच्या मात्रा छापलेल्याच असतात. ही फीत मात्र सुपोषित अमेरिकन मुलांच्या उंचीवर बेतलेली असल्याने खुरटलेल्या किंवा हडकुळ्या मुलांचे वजन ती वाढवून सांगू शकते. श्रीमंत देशाचा मापदंड गरीब देशात जशास तसा लावला की काय होते, याचे याहून गंभीर उदाहरण २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानिया येथील एका मोठ्या चाचणीने दिले. तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणे असलेल्या ३ हजारांहून अधिक मुलांपैकी ज्यांना पाठ्यपुस्तकाप्रमाणे झपाट्याने सलाइन दिले गेले त्यांच्यात ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण साडेदहा टक्क्यांच्या आसपास होते, आणि ज्यांना सावकाश दिले गेले त्यांच्यात ७.३ टक्के. रक्तस्राव झालेली किंवा जुलाबाने सुकलेली मुले या चाचणीत नव्हती, तेव्हा निष्कर्ष सरसकट ताणता येत नाही. पण कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र हाताशी नसलेल्या ठिकाणी 'आधी सलाइन चढवा' हा प्रतिक्षिप्त नियम तपासून घेण्याजोगा आहे, एवढे त्याने दाखवून दिले.

दूरदर्शनच्या पडद्यावर आपत्तीतील वैद्यकीय मदत म्हणजे विमानातून उतरणारे परदेशी डॉक्टर आणि मैदानात उभे राहणारे तंबूंचे रुग्णालय. प्रत्यक्षात जखमींचे प्राण वाचतात ते पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि त्या दिवसांत ढिगारा उपसणारे हात शेजाऱ्यांचे असतात, टाके घालणारे हात गावातल्याच किंवा तालुक्यातल्या डॉक्टरांचे. म्हणूनच स्थानिक रुग्णालय उभे राहते की पडते हा प्रश्न मोठा ठरतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचे मुख्य रुग्णालयच कोसळले. पुढे ते नव्याने बांधताना इमारतीच्या पायाशी रबर आणि शिशाचे आधार बसवले गेले, ज्यामुळे जमीन हलली तरी इमारतीला बसणारा हिसका कमी होतो. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स हादरली तेव्हा जगभरातून शेकडो तुकड्या धावल्या, पण कोण काय जाणतो, कोणाकडे मुलांच्या मापाच्या नळ्या, मुखवटे आणि भूल देण्याची तयारी आहे, कोण किती दिवस राहणार, याचा कोणालाच पत्ता नव्हता. आणि हैतीच्या लोकसंख्येत जवळपास निम्मे लोक अठरा वर्षांखालील होते. त्या गोंधळातून धडा घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा तुकड्यांच्या किमान अटी आणि तीन प्रकार ठरवले. त्यांपैकी दुसऱ्या प्रकारच्या तुकडीला निदान २० खाटा आणि दिवसाला सात मोठ्या शस्त्रक्रियांची क्षमता दाखवावी लागते. नियम झाले हे चांगलेच. तरी तंबूचे रुग्णालय बहुधा उशिराच पोहोचते, हे नियमाने बदलत नाही.

ते पोहोचेपर्यंत मुलांवरचा दुसरा घाला सुरू झालेला असतो, आणि तो भूकंपाचाही नसतो की पुराचाही नसतो. जुलाब, गोवर, न्यूमोनिया आणि उपासमार ही चार नावे शांततेच्या काळातही गरीब देशांतील मुलांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर असतात. छावणीतील गर्दी, उघड्यावरचा शौच आणि बंद पडलेले लसीकरण त्यांना फक्त मोकळे रान देते. येथे एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. कुजणाऱ्या प्रेतांमुळे साथ पसरते या भीतीपोटी घाईघाईने सामुदायिक दफने होतात आणि जंतुनाशकांचे ढीग त्यावर खर्ची पडतात. पण दगडाखाली किंवा पाण्यात मेलेल्या माणसाच्या शरीरात साथीचे जंतू सहसा नसतातच. साथ आणतात ती जिवंत माणसे. हैतीत भूकंपानंतर नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, कॉलरा उद्भवला तो उद्ध्वस्त राजधानीतल्या तंबूंतून नव्हे, तर आर्टिबोनाइट नदीच्या एका उपनदीकाठी, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळातून सांडलेल्या मैल्यामुळे. शंभर वर्षांत त्या देशाने हा रोग पाहिला नव्हता. पुढच्या नऊ वर्षांत सुमारे ८ लाख २० हजार लोकांना तो झाला आणि जवळपास १० हजार माणसे दगावली.

जुलाबाने मूल मरते ते जंतूने नव्हे, सुकून मरते. डोळे खोल जातात, टाळू आत बसते, रडताना अश्रू येत नाहीत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सुरकुती तशीच उभी राहते. आया ही लक्षणे डॉक्टरांच्या आधी ओळखतात. यावरचा इलाज, जो महाराष्ट्रात जलसंजीवनी या नावाने घरोघर माहीत आहे, तो मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा कसाला लागला तोही बंगालमध्येच, भोला वादळानंतरच्या पावसाळ्यात. वादळग्रस्त पूर्व बंगालवर १९७१ मध्ये युद्ध कोसळले, लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावच्या रुग्णालयात दिलीप महालनबीस या कोलकात्याच्या बालरोगतज्ज्ञासमोर खाटा भरून फरशीवर पसरलेले रुग्ण होते आणि सलाइनच्या बाटल्या संपत चालल्या होत्या. त्यांनी आपल्या संस्थेत ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरवला, पिशव्यांची तोंडे तापल्या लोखंडाने चिकटवली, आणि पुड्या पाण्यात मिसळून ते पाणी तोट्या लावलेल्या पिंपांत ठेवले. रुग्णांच्या नातेवाइकांनी ते पेल्या-पेल्याने पाजायचे. आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते ते ३.६ टक्क्यांवर आले. मृत्यूनंतर, २०२३ साली, महालनबीस यांना पद्मविभूषण जाहीर झाला. देशाने ही पुडी ओळखायला अर्धशतक घेतले असे म्हणायला हरकत नाही.

ही पुडी का चालते हे कळायला आतड्याच्या अस्तराकडे पाहावे लागते. नुसते मीठ-पाणी जुलाब लागलेल्या आतड्यातून शोषले जात नाही. पण सोडियम आणि ग्लुकोज सोबत आले की अस्तरातील एक प्रथिन दोघांना जोडीने आत घेते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. कॉलऱ्याचे विष बाकी दारे बिघडवते, हे दार मात्र शाबूत राहते. २००२ पासून प्रचारात असलेल्या सुधारित पुडीत लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, आणि जोडीला पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेट; सोबत दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी, म्हणजे झिंक, दिल्यास जुलाब लवकर थांबतात आणि पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटते. यातली सारी मेख पाण्याच्या मापात आहे. छावणीत लिटरचे भांडे नसते. पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण इतके खारट होते की ते शरीरातलेच पाणी आतड्यात खेचते, आणि दोन लिटरांत कालवली तर ते कामाला येत नाही. पुड्यांचे खोके पाठवताना सोबत लिटरची खूण असलेले भांडे पाठवावे, ही सूचना इतकी साधी आहे की ती यादीतून सहज गळते.

जुलाबाहून वेगाने पसरतो तो गोवर. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा डोंगरउतारावर राहणाऱ्या आएटा या आदिवासी जमातीला वेळेवर हलवले गेले, पण ज्या निवारा छावण्यांत त्यांना आणले तेथे गोवराने त्यांची मुले मारली, कारण डोंगरात लस फारशी पोहोचलीच नव्हती. या आणि अशा अनुभवांमुळे विस्थापितांच्या छावणीत पहिल्या दिवसांतच सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना गोवराची लस देणे हा आता दंडक झाला आहे; नेहमीच्या वेळापत्रकात सहा महिन्यांच्या बाळाला ही लस देत नाहीत, पण छावणीतला धोका पाहून वय खाली आणले जाते आणि तो डोस हिशेबात धरला जात नाही. लसीसोबत 'अ' जीवनसत्त्वाचे थेंबही देतात, आणि या थेंबांची कथा पुन्हा त्याच सॉमर यांच्याकडे येते. भोलाची पाहणी करणारे हे डॉक्टर पुढे नेत्रतज्ज्ञ झाले, रातांधळेपणाचा अभ्यास करायला इंडोनेशियात गेले, आणि सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे प्रांतातील ४५० गावांत त्यांनी १९८० च्या दशकात एक चाचणी घेतली. ज्या गावांत लहान मुलांना सहा महिन्यांनी एकदा या जीवनसत्त्वाचा मोठा डोस मिळाला तेथील बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने सर्वांत मोठा तडाखा दिला तो याच आचे प्रांताला, आणि तिथल्या छावण्यांत गोवराच्या लसीसोबत मुलांच्या तोंडात जे थेंब पडले ते वीस वर्षांपूर्वी त्याच मातीत पारखून घेतलेले होते.

न्यूमोनिया ओळखायला क्ष-किरण यंत्र लागते ही समजूत महाराष्ट्रानेच खोडून काढली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गावातील आरोग्यसेवकांना आणि अक्षरओळख नसलेल्या सुईणींना मुलाचे श्वास मोजायला शिकवले. त्यासाठी त्यांनी बनवलेल्या साधनात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असतात, एक दोन महिन्यांखालील बाळासाठी आणि दुसरी मोठ्या मुलासाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी मणी संपले तर औषध सुरू करायचे. मोजणीच्या मर्यादा आज जगभर सारख्या आहेत: दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाखालच्या मुलाचे ५० किंवा अधिक, पाच वर्षांखालच्याचे ४० किंवा अधिक श्वास म्हणजे वेगवान श्वास. त्यात छाती आत ओढली जात असेल, ज्याला आपल्याकडे पोट उडणे म्हणतात, तर मुलाला रुग्णालयातच न्यावे लागते. वीज गेलेल्या, रस्ता तुटलेल्या खोऱ्यात हे निदान चालते, कारण त्याला मनगटावरच्या घड्याळापलीकडे काही लागत नाही.

आता त्या मदतीकडे वळावे लागेल जी सद्‌भावनेने येते आणि मुले आजारी पाडते. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या खोक्यांनी येतात. २७ मे २००६ रोजी इंडोनेशियातील योग्याकार्ता भागात भूकंप झाला, त्यानंतरच्या पाहणीत पावडरीचे दान मिळालेल्या लहान मुलांत आठवड्याभरातील जुलाबाचे प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले, न मिळालेल्यांत सुमारे १२ टक्के. बोट्सवानात २००५-०६ च्या अतिवृष्टीनंतर तर याहून भीषण प्रकार घडला. एचआयव्हीबाधित मातांच्या बाळांना संसर्ग होऊ नये म्हणून सरकार मोफत पावडर देत होते, पुराने नळाचे पाणी दूषित झाले, आणि काही महिन्यांत पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू नेहमीपेक्षा पाचशेहून अधिक झाले. रुग्णालयात दाखल झालेली बहुतेक बाळे अंगावर न पिणारी होती. पावडर स्वतः विष नसते. ती कालवायला लागणारे उकळलेले पाणी, बाटली धुवायला लागणारे सरपण आणि दोन्हींसाठी लागणारा वेळ छावणीतल्या आईजवळ नसतो.

पावडर वाटणाऱ्यांचा युक्तिवाद असा असतो की धक्क्याने आईचे दूध आटते. शरीरशास्त्र याला दुजोरा देत नाही. दूध तयार होणे आणि पान्हा फुटणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. भीतीने किंवा दुःखाने पान्हा काही काळ अडतो, पण मूल पुन्हापुन्हा छातीशी लावले की तो फुटतो, आणि दूध बनणे तर थांबलेलेच नसते. आईला आडोसा, पोटभर जेवण, पिण्याचे पाणी आणि शेजारी बसणारी एक अनुभवी बाई मिळाली की बाळाला बाटली लागत नाही. जी बाळे खरोखर पोरकी झाली आहेत त्यांना वरचे दूध लागतेच, पण ते वाटी-चमच्याने, नोंद ठेवून आणि देखरेखीखाली द्यायचे असते, ट्रकमधून फेकायचे नसते. भारतात १९९२ च्या कायद्याने बाळदुधाच्या पर्यायांची जाहिरात आणि मोफत वाटप यांवर निर्बंध आहेत. आपत्तीच्या गडबडीत हा कायदा फारसा कोणाला आठवत नाही.

सहा महिन्यांवरील मुलांची उपासमार मोजण्याचे साधन अंगणवाडीत रोज हाताळले जाते: दंडघेराची पट्टी. डाव्या दंडाचा मध्य काढून पट्टी गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तांबडा रंग, म्हणजे तीव्र कुपोषण, आणि साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान पिवळा. सहा महिने ते पाच वर्षे या वयात निरोगी मुलाचा दंड फारसा जाड होत नसल्याने जन्मतारीख ठाऊक नसली तरी ही पट्टी चालते, आणि ज्या मुलाचे कागद घरासोबत गाडले गेले त्याच्यासाठी हा गुण मोठा आहे. तांबड्या रंगातल्या मुलाला पूर्वी आठवडेच्या आठवडे रुग्णालयात ठेवावे लागे. १९९० च्या दशकात फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रियां यांनी शेंगदाण्याचे कूट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांची जी पेस्ट बनवली, तिने ही अट बरीचशी काढून टाकली, कारण तिच्यात पाणी घालायचेच नसते. पुडी फाडायची आणि मुलाने चोखून खायची. भूक शाबूत असलेले मूल अशा पुडीवर घरीच सुधारते. ज्याची भूकच गेली आहे, ते मात्र रुग्णालयाचे, आणि अशा मुलाला जुलाब लागले तर नेहमीची जलसंजीवनीही हात आखडून द्यावी लागते, कारण त्याच्या दुबळ्या हृदयाला एकदम आलेले पाणी झेपत नाही.

मुलाचे नाव हाही उपचाराचाच भाग मानावा लागतो. बेशुद्ध किंवा न बोलणाऱ्या मुलाला एका तंबूतून दुसऱ्या तंबूत आणि तेथून हेलिकॉप्टरने दुसऱ्या शहरात हलवले की त्याचा माग तुटतो. म्हणून ते कोणाला, कोठे, केव्हा सापडले याची चिठ्ठी मनगटाला बांधूनच हलवावे असा नियम आहे. हैतीत भूकंपानंतर तीन आठवड्यांच्या आत एक परदेशी गट ३३ मुलांना 'अनाथ' म्हणून सीमेपार नेताना पकडला गेला आणि त्यांतील बहुतेकांचे आईवडील जिवंत निघाले. किल्लारीनंतर सुमारे १२०० मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यात आणले, तेही गाव सोडायला लावणारेच पाऊल होते, पण कुटुंबांना माहीत असलेले आणि परतीची वाट खुली ठेवणारे. मनावरच्या घावाबद्दल बोलायचे तर बहुतेक मुलांना समुपदेशकापेक्षा ओळखीचे माणूस, ठरलेल्या वेळचे जेवण आणि लवकर उघडलेली शाळा अधिक उपयोगी पडते. घडलेला प्रसंग लगेच सविस्तर वदवून घेण्याची एकेकाळची पद्धत आता जाणकारांनी सोडून दिली आहे.

पाय गमावलेल्या मुलाचा हिशेब सर्वांत लांब चालतो. प्रौढाचा पाय कापला की हाड तेथेच थांबते. वाढत्या मुलाच्या ठुंठातले हाड मात्र वाढत राहते, कधी कातडी फाडून बाहेर येऊ पाहते आणि पुन्हा शस्त्रक्रिया मागते. कृत्रिम पायही वाढीबरोबर आखूड पडतो, आणि लहान वयात दर सहा महिन्यांनी ते वर्षाने तो नव्या मापाचा घ्यावा लागतो. परदेशी तुकडी ज्या महिन्यात तंबू गुंडाळते त्या महिन्यात पहिला पाय बसलेला असतो. दुसरा, पाचवा, दहावा पाय बसवणारा तंत्रज्ञ आणि त्याची छोटी कार्यशाळा त्या देशातच असावी लागते. जानेवारी २०१० मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये सहा वर्षांच्या असलेल्या, गुडघ्याखाली पाय गमावलेल्या मुलीला या हिशेबाने अठराव्या वर्षापर्यंत डझनभर पाय लागतात. १४ ऑगस्ट २०२१ रोजी हैतीचे नैर्ऋत्य टोक ७.२ तीव्रतेच्या भूकंपाने पुन्हा हादरले, तेव्हा अशी मुलगी सतरा-अठरा वर्षांची असणार, आणि तिच्या ठुंठाचे माप अजून पुरते ठरलेले नसणार.